वाचकांचे प्रश्न : चित्रपट-पुरस्कारांची पहिली वर्षे

१९५० आणि १९६० या दशकांतील हिंदी व मराठी चित्रपटांना मिळालेल्या पुरस्कारांविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी एकमेकांशी निगडित असलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : 'श्यामची आई' हा पहिला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण त्याच वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'दो बिघा जमीन'चेही नाव सर्वत्र दिले जाते. यांपैकी खरे कोणते?

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण १९५४ साली आपल्याकडे दोन स्वतंत्र पुरस्कार सुरू झाले आणि दोघांचे परीक्षक, निकष आणि हेतू वेगवेगळे होते. पहिला फिल्मफेअर पुरस्कार. 'फिल्मफेअर' नियतकालिकाने देशभरातील वाचकांचा कौल मागवला, २०,००० हून अधिक वाचकांनी मते पाठवली आणि २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पाच पुरस्कार देण्यात आले. चित्रपट 'दो बिघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार ('दाग'), अभिनेत्री मीनाकुमारी ('बैजू बावरा') आणि संगीतकार नौशाद ('बैजू बावरा') अशी ती नावे होती. पहिल्या वर्षाचा हा सोहळा या पाच नावांवर संपला.

दुसरा पुरस्कार भारत सरकारचा. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला होता आणि चित्रपटाकडे केवळ करमणूक कराचे साधन म्हणून न पाहता शासनाने त्याच्या दर्जाचीही काळजी वाहावी, हा विचार त्या काळात मूळ धरू लागला होता. त्याच वातावरणात राज्य पुरस्कार सुरू झाले. (पुढे त्यांनाच आपण राष्ट्रीय पुरस्कार म्हणू लागलो.) मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील प्रादेशिक समित्यांनी चित्रपट निवडायचे आणि केंद्रीय समितीने त्यांतून अंतिम निर्णय घ्यायचा, अशी पद्धत होती. कलात्मक व तांत्रिक दर्जाबरोबरच शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्य हा निकष त्यात स्पष्टपणे घातलेला होता. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते या समितीकडून. 'दो बिघा जमीन'ला त्याच समितीने गुणवत्ता प्रमाणपत्र दिले.

शैक्षणिक मूल्य हा निकष होता म्हणून 'श्यामची आई'ला झुकते माप मिळाले, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला सांगतो, ती आपला ओला पदर दगडावर पसरते आणि पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, असे त्याला सांगते, तो प्रसंग आठवून पाहावा. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाच्या हातून त्याचे प्रवचन झाले असते. अत्र्यांनी तो घरातल्या रोजच्या बोलण्यासारखा ठेवला आणि वनमालाबाईंनी आवाज न चढवता तो पेलला. उपदेश सांगणारे चित्रपट त्या काळी पुष्कळ निघत होते. उपदेश अंगी मुरलेला चित्रपट दुर्मीळ होता, आणि समितीने तो अचूक ओळखला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मग वनमालाबाईंना 'श्यामची आई'साठी राष्ट्रीय पुरस्कार का मिळाला नाही? आणि श्यामची भूमिका करणाऱ्या माधव वझे यांना?

उत्तर : कारण तेव्हा अभिनयासाठी असा पुरस्कारच नव्हता. राज्य पुरस्कार हे आरंभी चित्रपटाला दिले जात, व्यक्तीला नव्हे. पहिल्या वर्षी सर्वोत्कृष्ट कथापटाला आणि सर्वोत्कृष्ट माहितीपटाला सुवर्णपदक होते ('महाबलीपुरम' या माहितीपटाने दुसरे पदक मिळवले). दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक भाषेतील उत्तम चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे रौप्यपदक आले आणि मराठीचे पहिले रौप्यपदक अत्र्यांच्याच 'महात्मा फुले' या चित्रपटाने पटकावले. अभिनय, दिग्दर्शन, संगीत, पार्श्वगायन यांचे वैयक्तिक पुरस्कार मात्र १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्या वर्षी 'रात और दिन'मधील भूमिकेसाठी नर्गिस, 'अँटनी फिरिंगी' आणि 'चिडियाखाना' या दोन बंगाली चित्रपटांसाठी उत्तमकुमार, तर 'चिडियाखाना'च्याच दिग्दर्शनासाठी सत्यजित राय यांची निवड झाली. 'मेरे देश की धरती' या गीतासाठी महेंद्र कपूर यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला तो याच वर्षी.

याचा अर्थ असा की, १९५३ ते १९६६ या चौदा वर्षांत भारतीय पडद्यावर जो काही अभिनय झाला, त्याची शासनदरबारी वैयक्तिक नोंद नाही. 'दो आँखें बारह हाथ'ला सुवर्णपदक मिळाले, 'पथेर पांचाली'ला मिळाले. पण 'पथेर पांचाली'मधील इंदिर ठाकुरणची म्हातारी उभी करणाऱ्या चुनीबाला देवींच्या नावापुढे राष्ट्रीय पुरस्कार लिहिता येत नाही. एखाद्या जुन्या कलावंताला 'साधा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला नाही' असे वाक्य वाचनात आले, तर तो पुरस्कार त्या वर्षी अस्तित्वात होता का, हे आधी पाहावे.

प्रश्न : लता मंगेशकर यांनी फिल्मफेअरच्या कार्यक्रमात गाण्यास नकार दिला होता, ही गोष्ट खरी आहे का? त्यामागे मानधनाचा वाद होता काय?

उत्तर : नकार दिला होता हे खरे, पण मानधनाचा प्रश्न त्यात नव्हता. लताबाईंनी स्वतः पुढे मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी. १९५६ सालच्या 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा जयकिशन आनंदाने त्यांच्याकडे गेले आणि सोहळ्यात 'रसिक बलमा' गाण्याची त्यांनी विनंती केली. लताबाईंनी स्पष्ट नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही आणि गीतकारालाही नाही. तेव्हा शब्दांवाचून आणि गळ्यावाचून नुसती चाल वाद्यवृंदावर वाजवून दाखवा, असा त्यांचा मुद्दा होता. जयकिशन रागावले, पण मुद्द्याला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण हसरत जयपुरी यांचे शब्द आणि लताबाईंचा सूर काढून घेतल्यावर त्या गाण्याचे काय उरते, हे जयकिशन यांच्याइतके कोणाला कळणार?

त्या भांडणाचे फळ पुढे साऱ्या गायकांना आणि गीतकारांना मिळाले. १९५९ च्या सोहळ्यापासून पार्श्वगायन आणि गीतलेखन हे दोन पुरस्कार सुरू झाले. पार्श्वगायनाचा पहिला मान 'मधुमती'मधील 'आजा रे परदेसी'साठी लताबाईंनाच मिळाला आणि गीतलेखनाचा पहिला मान 'यहुदी'मधील 'ये मेरा दीवानापन है'साठी शैलेंद्र यांना.

तरीही एक अन्याय शिल्लक राहिलाच. पार्श्वगायनाचा पुरस्कार एकच होता. गायक आणि गायिका यांना त्यासाठी एकाच यादीत झगडावे लागे. १९५९ ते १९६७ या नऊ सोहळ्यांत मोहम्मद रफी चार वेळा, लताबाई तीन वेळा, मुकेश एकदा आणि महेंद्र कपूर एकदा, असा तो वाटला गेला. आशा भोसले यांचे नाव त्या यादीत नाही. १९६८ पासून गायिकांसाठी वेगळा पुरस्कार ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी 'दस लाख'मधील 'गरीबों की सुनो'साठी आशाबाईंना तो मिळाला. गीता दत्त यांची कथा याहून अधिक चटका लावणारी आहे. त्यांच्या गळ्याचा खरा बहराचा काळ पन्नाशीच्या दशकाच्या पहिल्या सात-आठ वर्षांतला, आणि त्या वर्षांत गायकांसाठी पुरस्काराचा विभागच नव्हता. तलत महमूद यांच्याबाबतीतही हेच घडले. त्यांच्या गाण्यांवर संगीतकारांनी पुरस्कार घेतले. ज्यांच्या आवाजासाठी लोक रेडिओला कान लावून बसत, त्यांच्यासाठी व्यासपीठावर जागा नव्हती.

प्रश्न : 'मुघल-ए-आझम'ला इतके कमी पुरस्कार कसे मिळाले? त्यामागे काही राजकारण होते का?

उत्तर : राजकारणाचा आरोप पुराव्यावाचून करण्यात अर्थ नाही, जे घडले तेवढे सांगतो. १९६१ च्या फिल्मफेअर सोहळ्यात 'मुघल-ए-आझम' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आर. डी. माथुर यांना छायाचित्रणाचा आणि अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा व एहसान रिझवी या चौघांना संवादांचा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनाचा पुरस्कार के. आसिफ यांना न मिळता 'परख'साठी बिमल रॉय यांना मिळाला. अभिनेत्रीचा पुरस्कार मधुबालाला न मिळता 'घूंघट'साठी बीना राय यांना, आणि संगीताचा पुरस्कार नौशाद यांना न मिळता 'दिल अपना और प्रीत पराई'साठी शंकर-जयकिशन यांना. दिलीपकुमार यांना त्या वर्षी पुरस्कार मिळाला खरा, पण तो 'कोहिनूर'साठी.

यांतील प्रत्येक निर्णयाला सारखे माप लावणे योग्य नाही. 'परख' हा लहान, साधा आणि नेमका चित्रपट आहे. भव्यतेवर भाळून न जाता त्याच्या दिग्दर्शनाचा सन्मान झाला, यात मला वावगे वाटत नाही. 'कोहिनूर'मध्ये दिलीपकुमार यांनी विनोदाची बाजू दाखवली आणि 'मधुबन में राधिका नाचे'साठी ते खरोखर सतार शिकले. करुण नायकाच्या चौकटीतून बाहेर पडण्याच्या त्या धाडसाचे कौतुक व्हायलाच हवे होते. संगीताचा निर्णय मात्र मला आजही समजत नाही. एका बाजूला बडे गुलाम अली खाँ यांना तानसेनाच्या आवाजासाठी राजी करून घेणारे, 'बेकस पे करम कीजिए'सारखी आर्त नात (पैगंबरांचे स्तुतिगीत) बांधणारे नौशाद, आणि दुसऱ्या बाजूला गोड, लोकप्रिय पण त्या उंचीची नसलेली गाणी. त्याहून मोठी चूक मधुबालाच्या बाबतीत झाली. तिचे हृदय आजारी होते आणि अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या घालून तिने बंदिखान्याची दृश्ये दिली. 'जब प्यार किया तो डरना क्या' म्हणताना तिच्या चेहऱ्यावर भीती आणि बेफिकिरी एकाच वेळी दिसते. अशी संधी तिला पुन्हा मिळाली नाही आणि फिल्मफेअरचा पुरस्कार तिच्या हाती कधीच पडला नाही.

प्रश्न : 'प्यासा'ला एकही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला नाही, असे वाचले. मग हे पुरस्कार दर्जाचे माप मानावे का?

उत्तर : १९५८ च्या सोहळ्यात 'प्यासा' रिकाम्या हाताने परतला, ही वस्तुस्थिती आहे. त्यासमोर उभे होते 'मदर इंडिया' आणि 'नया दौर'. 'मदर इंडिया'ने चित्रपट, दिग्दर्शन (मेहबूब खान), अभिनेत्री (नर्गिस), छायाचित्रण (फरेदून इराणी) आणि ध्वनी (आर. कौशिक) असे पाच पुरस्कार नेले, अभिनयाचा पुरस्कार 'नया दौर'साठी दिलीपकुमार यांना आणि संगीताचा त्याच चित्रपटासाठी ओ. पी. नय्यर यांना मिळाला. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत होती. शेत, यंत्र, धरण आणि कष्टकरी समाज यांच्या आशेच्या कथा लोकांना जवळच्या वाटत होत्या, तर 'ये दुनिया अगर मिल भी जाए तो क्या है' असे विचारणारा कवी त्या आशेवरच बोट ठेवत होता. वाचकांच्या कौलात तो मागे पडला, यात नवल नाही.

पण मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 'प्यासा'चे खरे बळ साहिर लुधियानवी यांच्या शब्दांत आहे, आणि १९५८ मध्ये गीतकारासाठी पुरस्कारच नव्हता. तो पुढच्या वर्षी सुरू झाला, हे वर सांगितलेच आहे. साहिर यांना पहिला फिल्मफेअर मिळाला तो १९६४ मध्ये, 'ताजमहल'मधील 'जो वादा किया'साठी. ते गीत सुरेख आहे, पण साहिर यांची ओळख सांगायची झाल्यास ते कोणी आधी सांगणार नाही. 'प्यासा'चे दिग्दर्शक गुरुदत्त यांना दिग्दर्शनाचा फिल्मफेअर कधीच मिळाला नाही. त्यांची निर्मिती असलेल्या 'साहिब बीबी और गुलाम'ला १९६३ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, पण दिग्दर्शक म्हणून नाव अब्रार अल्वी यांचे असल्याने दिग्दर्शनाचा मान अल्वी यांच्याकडे गेला. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' तिकीटबारीवर कोसळला तरी छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांना त्यासाठी पुरस्कार मिळाले, ही त्या परीक्षणाची जमेची बाजू. स्टुडिओच्या छपरातून उतरणारा तो एकच प्रकाशझोत आणि त्यात तरंगणारी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मूर्तींच्या निवडीचे कारण सांगावे लागत नाही.

दर्जाचे माप म्हणाल, तर हे पुरस्कार त्या वेळच्या आवडीचे उत्तम साधन आहेत. कोणाला काय आवडत होते हे त्यांतून कळते. कोण थोर होते हे ठरवायला चित्रपटच पाहावा लागतो.

प्रश्न : फिल्मफेअरची बाहुली कोणी घडवली?

उत्तर : शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी. मुंबईच्या फोर्ट भागात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर जी भव्य उठावशिल्पे दिसतात, तीही त्यांचीच. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे तत्कालीन कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या मार्गदर्शनाखाली हात उंचावलेल्या स्त्रीची ही मूर्ती तयार झाली. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ आरंभी या पुरस्कारांना 'क्लेअर' असे म्हणत.

प्रश्न : त्या काळात कोणी पुरस्कार नाकारला होता का? आणि मराठी अभिनेत्रींना हिंदीत कितपत मान मिळाला?

उत्तर : १९५७ च्या सोहळ्यात 'देवदास'मधील चंद्रमुखीसाठी वैजयंतीमाला यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या पारोइतकीच प्रमुख आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे त्यांना हे म्हणणे नाकारणे अवघड जाईल. पारो आणि चंद्रमुखी समोरासमोर येतात ते रस्त्यावरच्या एका क्षणापुरते आणि एकही शब्द न बोलता. त्या मूक दृश्यात कोण प्रमुख आणि कोण साहाय्यक, हे सांगता येत नाही.

मराठी अभिनेत्रींचे खाते मात्र या साहाय्यक विभागातच भरलेले दिसते. १९५५ मध्ये तो विभाग सुरू झाला तेव्हा पहिला पुरस्कार 'बादबान'साठी उषा किरण यांना मिळाला. ललिता पवार यांना १९६० मध्ये 'अनाडी'साठी मिळाला, आणि वरून करडी पण आतून मऊ अशी ती मिसेस डिसा आजही लोकांच्या स्मरणात आहे. शशिकला यांनी 'आरती' आणि 'गुमराह' यांसाठी १९६३ व १९६४ असा लागोपाठ दोनदा तो मिळवला. प्रमुख भूमिकेचा मान नूतन यांनी पाच वेळा मिळवला, त्यांपैकी 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी' आणि 'मिलन' हे चार याच काळातले.

प्रश्न : 'मदर इंडिया'चे ऑस्कर एका मताने हुकले, हे खरे का?

उत्तर : असे सांगण्याला आधार नाही. परभाषिक चित्रपटांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले होते आणि १९५८ च्या सोहळ्यात तो पुरस्कार फेदेरिको फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' या इटालियन चित्रपटाला गेला, एवढे निश्चित. मात्र ऑस्कर देणारी अकादमी मतांची आकडेवारी जाहीर करत नाही, त्यामुळे एका मताची गोष्ट कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितली तरी ती ऐकीव समजावी. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी चित्रपट महोत्सवात नर्गिस यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ही नोंद पक्की असूनही तिची आठवण फारच कमी लोक काढतात.

प्रश्न : जुन्या पुरस्कारांची यादी करत असताना एकाच पुरस्काराची दोन वेगवेगळी वर्षे आढळतात. कोणते धरावे?

उत्तर : काही याद्यांत चित्रपटाच्या प्रदर्शनाचे वर्ष असते आणि काहींत सोहळ्याचे. 'मधुमती' १९५८ मध्ये प्रदर्शित झाला, पण त्याचे नऊ फिल्मफेअर पुरस्कार १९५९ च्या सोहळ्यातले आहेत. राष्ट्रीय पुरस्कार 'अमुक वर्षाच्या चित्रपटांसाठी' म्हणून मोजले जातात. त्यामुळे 'श्यामची आई'चा पुरस्कार १९५३ सालचा आणि त्याचे वितरण १९५४ मधले. पहिल्या फिल्मफेअरच्या वेळी तर आणखी घोळ होतो, कारण 'बैजू बावरा' आणि 'दाग' हे १९५२ चे, तर 'दो बिघा जमीन' १९५३ चा, आणि तिघांचा सन्मान १९५४ मध्ये एकाच मंचावर झाला. आपल्या यादीत प्रदर्शनवर्ष आणि सोहळ्याचे वर्ष यांसाठी वेगवेगळे रकाने ठेवावेत, आणि फिल्मफेअर व राष्ट्रीय पुरस्कारांच्या याद्या एकत्र करू नयेत.